‘पुन्हा एकदा’चा आजार : मंत्रचळ स्वतःत कसा ओळखावा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चेन्नईस्थित माजी विद्यार्थ्यांच्या नुंगंबाक्कम येथील मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दरूप.)



मराठीत ‘मंत्रचळ’ असा एक जुना शब्द आहे. मंत्राच्या साधनेत काही चूक घडली, उच्चार ढळला, की साधकाचे चित्त भ्रमते, अशी पूर्वी समजूत होती आणि त्या भ्रमाला हे नाव होते. पुढे शब्दाचा अर्थ रुंदावला. एकच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या, एकच शंका मनात घोळवत बसणाऱ्या माणसाला ‘मंत्रचळ लागला’ असे लोक म्हणू लागले. इंग्रजीत ज्याला ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ किंवा थोडक्यात ‘ओसीडी’ म्हणतात, त्या आजारासाठी मराठी मनोविकारतज्ज्ञ आज हाच शब्द वापरतात. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यांनी त्याला ‘संशयाचे वेड’ म्हटले होते. ते नावही अगदी अयोग्य नाही.

अलीकडे ‘ओसीडी’ हा शब्द बराच स्वस्त झाला आहे. कपाट नीट लावणारी व्यक्ती हसत हसत ‘मला जरा ओसीडीच आहे’ असे सांगून जाते. ज्याला खरोखर हा आजार असतो, तो मात्र असे हसत सांगत नाही. बहुधा तो कोणालाच सांगत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्या राज्यांत तामिळनाडूचाही समावेश होता. हजार प्रौढांमागे सुमारे आठ जणांना हा विकार असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे हजार माणसांच्या मेळाव्यात सात-आठ जण या ओझ्यासह बसलेले असू शकतात आणि शेजारच्या खुर्चीला त्याचा पत्ताही नसतो. पुष्कळदा त्यांना स्वतःलाही आपल्या ओझ्याचे नाव ठाऊक नसते. आपला स्वभावच असा, किंवा आपले मनच घाणेरडे, असे मानून ते वर्षे काढतात. हे ओझे स्वतःत ओळखावे कसे, हाच आजचा विषय आहे.

विचार आणि कृती

या आजाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग विचाराचे. नको असलेला, भीतिदायक किंवा किळसवाणा विचार, चित्र किंवा शंका मनात बळेच शिरते आणि हाकलली तरी परतते. दुसरे अंग कृतीचे. त्या विचाराने आलेली अस्वस्थता शमवण्यासाठी माणूस काही तरी करतो. हात धुतो, कुलूप ओढून पाहतो, मोजतो, वस्तू सरळ करतो, मनात नामजप करतो, कोणाला तरी विचारतो. क्षणभर बरे वाटते. मग शंका परत येते आणि कृतीही परत करावी लागते.

एक उदाहरण कल्पावे. याच परिसरात, स्टर्लिंग रोडच्या आसपास, नोकरीनिमित्त स्थायिक झालेला एक मराठी गृहस्थ सकाळी कार्यालयास निघतो. दाराला कुलूप लावतो, ओढून पाहतो आणि जिना उतरतो. खाली येताच शंका येते : गॅसचा रेग्युलेटर बंद केला का? तो वर जातो. रेग्युलेटर बंदच असतो. पुन्हा खाली येतो. फाटकापाशी नवी शंका उभी राहते : बंद आहे हे पाहताना हात लागून तो सुरू तर झाला नाही? तिसऱ्या खेपेस तो रेग्युलेटरचे छायाचित्र मोबाइलवर काढून घेतो. बसमध्ये ते छायाचित्र दहा वेळा पाहतो. मग शंका छायाचित्रावरच येते : हे आजचे की कालचे?

या गृहस्थाची बुद्धी शाबूत आहे. कार्यालयात तो लाखोंचे हिशेब चोख ठेवतो. आपली शंका अवास्तव आहे, हेही त्याला बहुतेक वेळा कळते. कळते, परंतु थांबता येत नाही, हेच या आजाराचे दुःख. मनावरचा ताबा सुटून वास्तवाशी नाते तुटण्याचे जे गंभीर मनोविकार आहेत, त्यांहून हा आजार या ठिकाणी वेगळा आहे.

वेधशाळेची पुनरावृत्ती

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पुन्हा पुन्हा तपासणे हा तर सद्गुण आहे. शाळेने हेच शिकवले : गणित सोडवल्यावर ताळा करावा, उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा वाचावी. मग सावधपणा कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नुंगंबाक्कमइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. चेन्नईत किती पाऊस पडला, हे सांगताना दोन नावे हमखास घेतली जातात : नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. नुंगंबाक्कमचे हवामान केंद्र कॉलेज रोडवर आहे. त्याच आवारात १७९२ मध्ये मायकेल टॉपिंग याच्या आराखड्यानुसार मद्रास वेधशाळा उभी राहिली. तिच्या दुर्बिणीला आधार देणारा ग्रॅनाइटचा खांब आजही तेथे आहे. भारतीय प्रमाणवेळ येण्यापूर्वी देशातील रेल्वेगाड्या ज्या ‘मद्रास वेळे’वर धावत, ती वेळ याच वेधशाळेची. आशिया खंडातून शोध लागलेला पहिला लघुग्रह नॉर्मन पॉग्सन याने १८६१ मध्ये येथूनच टिपला आणि त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले.

या वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम याने १८२०च्या सुमारास ध्वनीचा वेग मोजला. सेंट जॉर्ज किल्ला आणि सेंट थॉमस माउंट येथे तोफा डागल्या जात. तोफेचा उजेड दिसल्यापासून तिचा आवाज कानी येईपर्यंत किती वेळ गेला, याची नोंद वेधशाळेत होई. हे मोजमाप एकदाच झाले नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवेत ते पुन्हा पुन्हा झाले.

गोल्डिंगहॅमला मंत्रचळ होता असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक मोजमापात थोडी चूक राहणार, हे तो जाणून होता. म्हणून तो अनेक नोंदी घेई आणि त्यांची सरासरी काढी. प्रत्येक नव्या नोंदीने त्याचे उत्तर अधिक पक्के होत गेले. पुरेशा नोंदी झाल्यावर त्याने वही मिटली, आकडा प्रसिद्ध केला आणि तो दुसऱ्या कामास लागला. शंभर टक्के खात्री त्याला कधीच मिळाली नव्हती. ती मिळत नसते, हे मान्य करूनच शास्त्र चालते.

जिन्यावर चढउतार करणाऱ्या गृहस्थाची पुनरावृत्ती नेमकी याच्या उलट चालते. पहिल्या तपासणीनंतर त्याला जेवढी खात्री होती, तेवढी पाचव्या तपासणीनंतर उरत नाही. हा केवळ तर्क नाही. नेदरलँड्समधील मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी चालू-बंद करून तपासायला दिली. काहींनी ती शेगडीच वारंवार तपासली, तर काहींनी त्या वेळात दिव्यांची तपासणी केली. शेवटी सर्वांना शेगडीबद्दल विचारले. वारंवार शेगडी तपासणाऱ्यांची उत्तरे चुकली नाहीत. मात्र त्यांची आठवण पुसट झाली होती आणि त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास उणावला होता. म्हणजे चांगल्या निरोगी माणसालाही अति तपासणीने स्वतःच्या स्मरणाविषयी संशय येऊ लागतो.

आजार आणि सावधपणा यांमधली रेषा येथे स्पष्ट दिसते. कृती किती वेळा झाली, हे तितके महत्त्वाचे नाही. त्या कृतीने खात्री वाढली की घटली, आणि तिला शेवट आहे की नाही, हे पाहावे.

सोवळे, स्वच्छता आणि मंत्रचळ

हाच निकष धार्मिक आचारांनाही लावता येतो. मराठी घरांत सोवळे-ओवळे होते, तमिळ घरांत ‘मडि’ आहे. आजी सोवळ्यात स्वयंपाक करी, कोणास शिवू देत नसे, म्हणून तिला मंत्रचळ होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सोवळ्याला नियम होते आणि नियमाला सीमा होती. स्नान झाले, धूतवस्त्र नेसले, की सोवळे पूर्ण झाले. विटाळ झालाच तर त्यावर ठरलेला उपाय होता आणि तो केला की विषय संपत असे. आजार जडलेल्या माणसाला तेच स्नान पुरत नाही. पाठीवर पाणी नीट पडले का, बादलीला पायाचा थेंब लागला का, असे म्हणत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. जाणत्या गुरुजींनी ‘दोष नाही’ असे सांगितले तर श्रद्धाळू माणूस निश्चिंत होतो. आजारी माणूस दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत घेऊन परत येतो.

२०२० साली कोरोनाच्या साथीत सारे जग हात धुऊ लागले. तेथेही नियमाला शेवट होता : साबण लावून २० सेकंद. मंत्रचळ असलेल्या माणसाला सेकंद मोजून थांबता येत नाही. ‘आता स्वच्छ वाटले’ ही भावना येईपर्यंत तो धूत राहतो आणि ती भावना दिवसेंदिवस उशिरा येऊ लागते. हाताला भेगा पडल्या, कातडी सोलली, तरी नळ सुरूच राहतो.

न दिसणारा मंत्रचळ

हात धुणे आणि कुलूप तपासणे हे दृश्य प्रकार झाले. काही प्रकार बाहेरून दिसत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा त्रास अधिक एकाकी असतो.

नवजात बाळाला मांडीवर घेतलेल्या आईच्या मनात एकाएकी येते, ‘माझ्या हातून याला इजा झाली तर?’ ती हादरते. स्वयंपाकघरातील सुऱ्या लपवून ठेवते आणि बाळासोबत एकटी राहणे टाळू लागते. भाविकाच्या मनात देवासमोर हात जोडताच अश्लील शब्द उमटतो. तो कान पकडतो, मनात क्षमा मागतो, ठरावीक वेळा नाम घेतो आणि शेवटी देवळात जाणेच सोडतो. सुशील तरुणाला आपल्याच नात्यातील व्यक्तीबद्दल अभद्र विचार येतो आणि आपण पापी आहोत, अशी त्याची खात्री होते. यांपैकी कोणीही हे घरात बोलू शकत नाही.

अशा माणसांना एक गोष्ट सांगणे फार आवश्यक आहे : असे विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतात. लंडनमध्ये काम करणारे स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिले. निरोगी माणसांपैकी बहुतेकांनी आपल्याला असे नकोसे विचार येत असल्याचे सांगितले. त्या विचारांचा आशयही रुग्णांच्या विचारांसारखाच होता. पुढे २०१४ मध्ये १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९४ टक्के विद्यार्थ्यांना मागील तीन महिन्यांत असा एक तरी विचार येऊन गेला होता.

मग फरक पडतो कोठे? निरोगी माणूस ‘काय भलते मनात आले’ असे म्हणून पुढे जातो. मंत्रचळ असलेला माणूस त्या विचाराला पुरावा मानतो. ‘असे मनात आले, त्या अर्थी मी तसाच असलो पाहिजे’, असा निवाडा करून तो विचार घालवण्याच्या मागे लागतो. वैद्याने औषध दिले आणि ‘घेताना माकड आठवू नकोस’ असे बजावले, ही गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. त्या रोग्याला औषधाच्या पेल्यासमोर दर वेळी माकडच आठवले. विचार जितका दाबावा तितका तो उसळतो. ज्याला इजा करण्याचा विचार भयानक वाटतो, त्यालाच तो छळतो. आईला सुऱ्या लपवाव्याशा वाटतात, त्या बाळ जिवापलीकडे प्रिय असते म्हणूनच.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

आता काही प्रश्न. हे प्रश्न म्हणजे निदान नव्हे. निदान मनोविकारतज्ज्ञच करतो. तज्ज्ञाकडे जावे की नाही, एवढे ठरवण्यास हे प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : नकोसे विचार आणि त्यांपायी कराव्या लागणाऱ्या कृती यांत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जातो का? वैद्यकशास्त्रात हा अंदाजाचा मापदंड मानला जातो. वेळ कमी जात असला, तरी त्यामुळे नोकरी, अभ्यास, झोप किंवा नाती बिघडत असतील, तर त्यालाही तेवढेच महत्त्व आहे.

दुसरा प्रश्न : कृती कोणत्या गोष्टीपाशी थांबते? ठरलेल्या नियमापाशी, की ‘आता बरे वाटले’ या भावनेपाशी?

तिसरा प्रश्न : ती केल्यावर मिळणारा दिलासा किती वेळ टिकतो? पूर्वी एका खेपेत भागत असे, तेथे आता पाच खेपा लागतात का?

चौथा प्रश्न : ती कृती आनंदाने होते की नाइलाजाने? टापटिपीची आवड असलेल्या माणसाला आवरलेले कपाट पाहून समाधान मिळते. मंत्रचळात समाधान नसते, केवळ भीतीतून तात्पुरती सुटका असते.

पाचवा प्रश्न : काय काय टाळले जात आहे? ठरावीक रस्ता, सार्वजनिक शौचालय, स्वयंपाक, देऊळ, लहान मूल, ठरावीक आकडा?

सहावा प्रश्न : ‘मी दार लावले ना?’, ‘मी कोणाला दुखावले नाही ना?’ असे घरच्यांना दिवसातून किती वेळा विचारले जाते? मागणे बाहेरून प्रश्नासारखे दिसते, परंतु ते खात्रीचे मागणे असते. तीही एक तपासणीच.

सातवा प्रश्न : हे सारे कोणापासून लपवले जात आहे? कार्यालयात उशिरा पोहोचल्यावर गाडी चुकल्याचे कारण सांगितले जाते का?

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याला हा आजार असतो, तो हीच प्रश्नावली विसाव्यांदा वाचू लागतो. ‘मला आहे की नाही?’ ही त्याची नवी शंका होते आणि इंटरनेटवर रात्र रात्र लक्षणे शोधणे ही नवी कृती होते. म्हणून हे प्रश्न एकदाच वाचावेत. दोन-तीन प्रश्नांची उत्तरे मनाला टोचत असतील, तर पुन्हा न वाचता तज्ज्ञाची वेळ घ्यावी. शंभर टक्के खात्री झाल्यावर जाऊ, असे म्हणणारा कधीच जाणार नाही. ती खात्री मिळत नाही, हाच तर या आजाराचा गाभा आहे.

उपचार कोणते

१९६०च्या दशकापर्यंत या आजारावर फारसा उपाय नाही, असे मानले जाई. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने वेगळा मार्ग अवलंबिला. रुग्णाला ज्या गोष्टीची भीती वाटे, तिच्या सान्निध्यात तो त्याला नेई आणि त्यानंतरची धुण्या-पुसण्याची कृती मात्र करू देत नसे. धुणे थांबवण्यासाठी खोलीतील नळाचे पाणीही बंद ठेवले जाई. अस्वस्थता चढली, शिगेला पोहोचली आणि काहीही न करता हळूहळू ओसरली. रुग्णाने हे स्वतः अनुभवले आणि त्याची सुटका सुरू झाली. आज ही पद्धत अधिक सौम्यपणे, रुग्णाच्या संमतीने आणि पायरीपायरीने वापरली जाते. जिन्यातील गृहस्थाने पहिल्या आठवड्यात पाचाऐवजी दोनदाच वर जावे, मग एकदाच, मग शंका सोबत घेऊनच बस गाठावी. शंकेला उत्तर न देता जगणे, हा या उपचाराचा गाभा.

औषधेही उपयोगी पडतात. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांचा येथे गुण येतो. परंतु मात्रा बहुधा अधिक लागते आणि परिणाम दिसण्यास १० ते १२ आठवडे जाऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध सोडणारे पुष्कळ असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. उपचार पूर्ण घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना लक्षणीय आराम पडतो. आजार समूळ गेला नाही, तरी दिवस पुन्हा माणसाच्या हाती येतो.

अडसर असतो तो लाजेचा. ठाणे, येरवडा, नागपूर ही गावांची नावे मराठीत कित्येक वर्षे टिंगलीसाठी वापरली गेली, कारण तेथे मनोरुग्णालये आहेत. चेन्नईत तेच दुर्दैव कीळपाक्कमच्या वाट्याला आले. तेथील मानसिक आरोग्य संस्थेची मुळे १७९४ पर्यंत जातात. भारतातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एम. शारदा मेनन यांनी याच संस्थेचे नेतृत्व केले आणि १९८४ मध्ये चेन्नईत ‘स्कार्फ’ या संस्थेची स्थापना केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू झाली आणि मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय अनेक मराठी घरांना लागली. जी नावे टिंगलीची होती, ती आता मदतीचे पत्ते म्हणून घ्यावीत.

केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला मनातले दुःख मातृभाषेत सांगता येणे, ही मोठी सोय आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. या आजारासोबत पुष्कळदा नैराश्यही येते. जीव नकोसा वाटू लागला, तर तज्ज्ञाच्या भेटीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मदत मागावी. चेन्नईत १९८६ पासून ‘स्नेहा’ ही संस्था याच कामासाठी आहे.

घर आणि शाळा

हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत डोके वर काढतो. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी त्याची चिन्हे जाणणे अगत्याचे आहे. सुंदर अक्षराचे कौतुक व्हावेच. परंतु एखादी विद्यार्थिनी एकच ओळ पाच वेळा खोडून लिहीत असेल, कागद फाटेपर्यंत खोडरबर चालवत असेल आणि सारे येत असूनही तिची उत्तरपत्रिका अपुरी राहत असेल, तर ती आळशी नाही. तिला कदाचित मदत हवी आहे. स्नानगृहात तासभर लावणारा मुलगा उनाड असेलच असे नाही. ‘आई, मी खोटे बोललो नाही ना?’ असे रोज रात्री विचारणारे मूल केवळ हळवे असेलच असेही नाही.

घरच्यांकडून दोन चुका होतात आणि दोन्ही प्रेमापोटीच. एक म्हणजे रागावणे : ‘पुरे कर हे नाटक!’ त्याने लाज वाढते, आजार कमी होत नाही. दुसरी म्हणजे साथ देणे : मुलासाठी दार आपणच दहा वेळा तपासणे, बाहेरून आल्यावर त्याच्या आग्रहावरून साऱ्या घराने कपडे बदलणे, प्रत्येक शंकेला ‘हो रे बाळा, सगळे ठीक आहे’ असे उत्तर देत राहणे. या उत्तराने मूल क्षणभर शांत होते आणि आजाराला रोजचा खुराक मिळतो. याहून बरा मार्ग असा : ‘तुला भीती वाटते आहे, हे कळते आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आज देणार नाही, पण तुझ्याजवळ बसून राहीन.’ असे बोलणे कठीण असते. म्हणून ते तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, मुलाला आधी समजावून, थोडे थोडे करावे. एकाएकी सारे थांबवू नये.

शाळेने गणिताचा ताळा करायला शिकवले आणि वेळ संपल्याची घंटा झाली की लेखणी खाली ठेवायलाही शिकवले. उत्तरपत्रिकेत एखादी चूक राहिली असेल, ही शंका घेऊनच विद्यार्थी वर्गाबाहेर पडत आणि मैदानाकडे धावत. ज्यांना आज ही घंटा मनात ऐकू येईनाशी झाली आहे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. या आठवड्यात एका विश्वासू माणसाला सांगावे आणि एका तज्ज्ञाची वेळ घ्यावी. ज्यांच्या घरात असे कोणी आहे, त्यांनी त्याच्यासोबत त्या भेटीला जावे.